माळाची माती आणि भूगोलाचा धडा

महाराष्ट्राच्या नकाशात मृदांचे प्रकार रंगवणे हे भूगोलाच्या तासाचे ठरलेले काम आहे. मधला मोठा भाग काळा, दक्षिण कोकणात आणि सह्याद्रीच्या काही माथ्यांवर जांभा, पूर्व विदर्भाकडे तांबडी-पिवळसर, नदीकाठी व किनाऱ्यालगत गाळाची. चार रंगांच्या पेन्सिली असल्या की नकाशा पुरा होतो आणि परीक्षेत त्याचे गुणही मिळतात. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या शाळांत मी हा नकाशा कितीतरी वर्षे मुलांकडून करून घेतला आणि त्यात काही उणे आहे असे मला वाटले नाही.

पुढे एका वर्षी 'जमिनीचा वापर' शिकवताना मी नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहिले : शेतीखालील जमीन, वनांखालील जमीन, कुरणे, पडीक जमीन. पडीक म्हणजे काय, हे सांगताना खिडकीतून दिसणाऱ्या माळाकडे बोट दाखवले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो फारसा बोलत नसे. म्हणाला, "सर, आमची मेंढरं तर तिथंच चरत्यात. मग ती जिमीन पडीक कशी?"

मी त्याला काहीतरी उत्तर देऊन खाली बसवले. ते उत्तर बरोबर नव्हते, हे मला त्याच वेळी कळत होते. या लेखात मी त्या उत्तराचा आणि ज्या धड्यातून ते आले त्या धड्याचा पुन्हा विचार करणार आहे. आपल्या शालेय भूगोलात मातीची जी मांडणी रूढ आहे, तिच्यावर माझे तीन आक्षेप आहेत. ती मातीला रंगावरून ओळखते. ती गवताळ प्रदेशांची माती शिकवते ती परदेशातली, आणि तीही अर्धीच. आणि जमिनीची किंमत ती केवळ पिकावरून ठरवते.

एका गावात किती माती?

पहिला आक्षेप पडताळून पाहायला कुठे लांब जावे लागत नाही. भीमेच्या किंवा घोडनदीच्या काठचे कोणतेही गाव घ्या आणि नदीपासून माळाच्या माथ्यापर्यंत चालत जा. अंतर फार तर तीन-चार किलोमीटर भरेल.

नदीलगत मळईची जमीन लागते. पुराने आणलेल्या गाळाचे आणि वाळूचे थर तिच्यात एकावर एक बसलेले असतात. दरड कोसळली असेल तिथे हे थर नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. थोडे वर आले की खोल काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिच्यातून बैल काढणे मुश्कील होते. कालव्याच्या पाण्याखाली असलेल्या आणि निचरा नसलेल्या भागात मध्येच एखादा चोपणाचा पट्टा दिसतो : वर पांढुरके क्षार, खाली घट्ट झालेली माती, पीक नाही. आणखी वर मध्यम जमीन; तिच्यात चुनखडीचे खडे. त्यानंतर बरड, मुरमाड जमीन, आणि शेवटी माळ. तिथे टिकाव घातला की वीतभर खाली मुरूमच लागतो.

म्हणजे नकाशात जिथे एकच काळा रंग आहे, तिथे प्रत्यक्षात पाच-सहा प्रकारच्या जमिनी आहेत. गावातल्या माणसांना त्या ठाऊक आहेत आणि प्रत्येकीला त्यांनी नाव दिलेले आहे. मळई, काळी, चोपण, पोयटा, बरड, मुरमाड, माळ. या नावांत रंगाचे नाव एकच, बाकीची नावे पोत, खोली, निचरा आणि जागा सांगतात. आपण मात्र मुलांना घरी माहीत असलेली ही नावे वर्गाबाहेर ठेवायला लावतो आणि त्याऐवजी एक रंग देतो.

या सगळ्या जमिनींचा मूळ खडक एकच आहे, हे विशेष. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा हा बेसॉल्ट. माथ्यावर तो फुटतो, त्याचा मुरूम होतो. मुरमातला बारीक अंश पावसाबरोबर उताराने खाली जातो आणि सखल भागात साचतो. हजारो वर्षे हे चालले, तेव्हा वर उथळ व भरड आणि खाली खोल व चिकण अशी विभागणी झाली. एका खडकापासून उताराप्रमाणे बदलत गेलेली ही मातीची माळ म्हणजे भूगोलाचा उत्तम धडा आहे. तो चार रंगांच्या नकाशात मावत नाही.

प्रेअरी : अर्धी सांगितलेली गोष्ट

दुसरा आक्षेप गवताळ प्रदेशांविषयीचा. स्टेप, प्रेअरी, पंपास, वेल्ड, डाउन्स ही नावे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. प्रेअरीची माती खोल, काळी, सेंद्रिय द्रव्याने भरलेली, म्हणून तो गव्हाचे कोठार, हेही ती सांगतात. हे खोटे नाही. उंच गवताच्या प्रेअरीत मुळे दोन मीटर आणि त्याहूनही खोल जातात, दरवर्षी त्यांतली काही मरतात, कुजतात आणि मातीला काळा रंग व सुपीकता येते.

पण सगळी प्रेअरी अशी नाही. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात सँड हिल्स नावाचा प्रदेश आहे. जवळजवळ ५० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या तिपटीहून मोठा. तिथे वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्यावर गवत आहे. माती खोल आहे, पण ती वाळूची. वरचा काळसर थर पातळ असतो. पाऊस पडला की पाणी वाहून न जाता सरळ खाली मुरते आणि भूजलाला मिळते. ऑगॅलाला नावाच्या भूजलाच्या अवाढव्य साठ्याला या टेकड्यांतून पाणी मिळते. अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद मात्र अशा मातीत कमी असते. आणि गवताचे आच्छादन निघाले की वाळू उडू लागते.

१९०४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने किंकेड कायदा करून नेब्रास्काच्या या पश्चिम भागात प्रत्येक वसाहतकऱ्याला ६४० एकरांपर्यंत जमीन देऊ केली. लोक आले, नांगर घातला, पिके घेऊ पाहिली. बहुतेकांना ते जमले नाही. जमिनी विकून ते निघून गेले आणि तिथे पुन्हा गुरांची कुरणे झाली. यापुढची गोष्ट अधिक भयंकर आहे. दक्षिणेकडच्या मैदानांत, ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सास, कोलोरॅडो या भागांत, गवत नांगरून गहू पेरलेला होता. १९३०च्या दशकात अवर्षण आले आणि उघडी पडलेली माती वाऱ्याने उचलली. १४ एप्रिल १९३५ चे धुळीचे वादळ इतके काळेकुट्ट होते की त्या रविवाराला 'काळा रविवार' हेच नाव पडले. त्याच महिन्यात अमेरिकेत मृदसंधारणाचा कायदा झाला आणि त्यासाठी स्वतंत्र खाते निघाले.

या खात्याने पुढे जी पद्धत रूढ केली, ती आपल्या कामाची आहे. 'या जमिनीत पीक येते का?' एवढ्याच प्रश्नावर ती थांबत नाही. या मातीची खोली किती, पोत कसा, पाणी कुठवर जाते, तिच्यावर आपोआप कोणते गवत वाढते, किती गुरे चरली तर ते टिकते आणि कशाने बिघडते, एवढे सगळे एकेका जागेबद्दल लिहिले जाते. खोल वाळूच्या गवताळ जमिनीचे वर्णन तिथे 'निकामी' या एका शब्दात संपत नाही. चराई, वैरण, पाणी मुरवणे आणि रानातल्या जिवांचा आसरा असे तिचे उपयोग नोंदवले जातात आणि नांगरू नये, हे बजावले जाते. ही समज त्यांना फुकट मिळालेली नाही, अनेक घरे उठल्यानंतर आली आहे. आपल्या धड्यात गव्हाचे कोठार येते. हा भाग येत नाही.

माळाची माती खरेच वाळूची आहे का?

इथे एक सावधगिरी हवी. माळाला 'आपली प्रेअरी' म्हणण्याचा मोह होतो, पण शिरूर-दौंडचा माळ म्हणजे नेब्रास्का नव्हे. तिथली वाळू मुख्यतः क्वार्ट्झची. आपल्या बेसॉल्टात क्वार्ट्झचे सुटे कण जवळजवळ नसतात, त्यामुळे तो कुजून मुख्यतः चिकणमाती होते. म्हणून खोल वाळूसरा जमीन आपल्याकडे मिळाली तर ती नदीकाठीच, आणि ती वाळूही वेगळी : बेसॉल्टाचे काळसर कण आणि खडकाच्या पोकळ्यांतून सुटलेल्या गारा. माळावर जी भरड माती आहे ती मुरमाची, आणि ती उथळ आहे.

म्हणजे पोत मिळताजुळता, पण खोली अगदी उलट. हा फरक समजला तर मातीचे निम्मे शास्त्र समजले. तो आकड्यांनी पाहू. वर्गात फळ्यावर करता येईल असे हे गणित आहे.

समजा, पूर्ण कोरडी झालेली भरड माती आपल्या आकारमानाच्या १० टक्के पाणी धरते आणि चिकण काळी ४० टक्के. २० मिलिमीटरचा एक पाऊस पडला. भरड मातीत तो २० सेंटिमीटर खोलीपर्यंत जाईल. काळीत फक्त ५ सेंटिमीटर. आता चार दिवस कडक ऊन पडले आणि वरचा ५ सेंटिमीटरचा थर वाळला. काळीत आलेले जवळजवळ सगळे पाणी गेले. भरड मातीतले फक्त पाव भाग गेले. उरलेले खाली सुरक्षित राहिले. म्हणूनच मृगाच्या पहिल्या सरीनंतर माळ आठवड्यात हिरवा दिसतो आणि काळी मात्र अजून भेगाळलेलीच असते.

आता पाऊस २०० मिलिमीटर धरा. काळी ५० सेंटिमीटरपर्यंत भिजली आणि ते पाणी तिने धरून ठेवले. खोल वाळूत ते दोन मीटरपर्यंत गेले. खोल मुळांच्या गवताला ते मिळेल, बाजरीला त्यातले बरेचसे नाही. आणि वीतभर खोलीच्या माळात? २० सेंटिमीटर मातीत २० मिलिमीटरच मावले. बाकीचे काही मुरमाच्या फटींतून खाली विहिरींच्या झऱ्यांना गेले, काही उताराने वाहून गेले. किती मुरले आणि किती वाहिले, हे वर गवत आहे की नाही यावर पुष्कळसे अवलंबून राहिले.

हे गणित अर्थात ढोबळ आहे. काळीच्या भेगांतून सुरुवातीचे पाणी खोल उतरते, उताराचाही परिणाम होतो. पण त्यामागचे तत्त्व पक्के आहे. कोरड्या हवामानात भरड माती आणि ओलसर हवामानात बारीक माती वनस्पतींना अधिक मानवते, ही मांडणी इम्मॅन्युएल नॉय-मेअर या पर्यावरणशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये केली. पुढे १९८८ मध्ये ओस्वाल्दो साला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती गवताळ पट्ट्याचा अभ्यास करून तिथल्यापुरती सीमा काढली : वर्षाला सुमारे ३७० मिलिमीटर. याहून कमी पाऊस असेल तर वाळूसरा जमिनीवर गवत जास्त, अधिक असेल तर पोयट्याच्या जमिनीवर जास्त. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण शिरूर आणि दौंड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत, सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आगेमागे, आणि अवर्षणाच्या वर्षी त्याहून पुष्कळ कमी. अशा ठिकाणी 'काळी चांगली, माळ वाईट' हे दरवर्षी खरे असेलच असे नाही. आपल्या शेतकऱ्यांनी ते पूर्वीच ओळखले होते. हलक्या रानात खरिपाची बाजरी आणि खोल काळीत साठलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी, ही वाटणी याच गणितावर उभी आहे.

पडीक हा शब्द आला कुठून?

आता तिसरा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आक्षेप. माळाला पडीक म्हणणारा शब्द मातीच्या शास्त्रातून आलेला नाही. तो महसुलाच्या दप्तरातून आला आहे, आणि त्याचा उगम आपल्या अगदी शेजारी सापडतो.

पेशवाई गेल्यानंतर इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी सुरू केली. प्रिंगल या अधिकाऱ्याची पहिली मोजणी फसली. सारा इतका जड झाला की लोक जमिनी सोडून गेले. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम सुरू केले, ते दौंडला लागून असलेल्या इंदापुरापासून. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. मातीची खोली, पोत आणि रंग पाहून जमिनीच्या नऊ प्रती ठरवल्या गेल्या. वरच्या प्रतीला १६ आणे, तळाच्या प्रतीला २ आणे. वाळू मिसळलेली असणे, चुनखडी असणे, उतार असणे हे 'दोष' मानून प्रत खाली आणली जाई.

या पद्धतीचे कौतुकही केले पाहिजे. खड्डा खणून खोली पाहणारी ती होती. आपल्या चार रंगांच्या नकाशापेक्षा तिने मातीकडे जास्त बारकाईने पाहिले. पण तिचा प्रश्न एकच होता : या जमिनीतून सारा किती येईल? त्या प्रश्नाला माळाचे उत्तर 'काही नाही' असेच येणार. सात-बाराच्या उताऱ्यावर आजही 'पोटखराबा' असतो, म्हणजे सर्व्हे नंबरातली लागवडीस अयोग्य जमीन. सारा वसूल करणाऱ्याला हा शब्द ठीक आहे. तोच शब्द विज्ञानाच्या नावाने वर्गात आला, की मूल समजते, निसर्गानेच ही जमीन टाकाऊ केली आहे.

दप्तरातली ही नजर उपग्रह आल्यावरही बदलली नाही. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० मध्ये प्रथम निघाला आणि नंतर त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या. चित्रे अवकाशातून घेतलेली, तंत्र अद्ययावत. पण खुरट्या झुडपांच्या मोकळ्या जमिनी त्यात पडीकच धरल्या आहेत. शब्द एकदा बसला की पुढचे निर्णय सोपे होतात. पडीक जमिनीवर कारखाना काढायला कोणाची हरकत नसते. तिथे चर खणून ग्लिरिसिडिया किंवा निलगिरी लावली तर ते पुण्यकर्मच ठरते. त्यात गवत गेले, मेंढपाळाची चराई गेली, लांडगा, खोकड आणि धाविक पक्षी यांची जागा गेली, याची नोंद कुठल्या रकान्यात होत नाही. दौंडच्या शेजारी, बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झाले. क्षेत्र पाच चौरस किलोमीटरहून थोडे अधिक, आणि तिथला मुख्य प्राणी चिंकारा. त्या कुंपणाआतली आणि बाहेरची माती एकच आहे. आत ती वन्यजीवांचे घर ठरते आणि बाहेर खराबा.

माळ नवा नाही

यावर एक उत्तर नेहमी मिळते : पूर्वी इथे जंगल होते, ते तुटले, म्हणून माळ झाला, तेव्हा झाडे लावणे म्हणजे मूळ स्थिती परत आणणे. काही जागी हे खरे असेल. सरसकट खरे नाही.

शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी उजेडात आणलेली ही वस्ती इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली. हे लोक नदीकाठच्या जमिनीत मुख्यतः सातू पिकवत. इसवी सनापूर्वी १००० नंतरच्या शेवटच्या टप्प्यात घरे लहान व गोल झाली, शेती मागे पडली आणि शेळ्यामेंढ्यांवर व शिकारीवर भर वाढला. हवामान कोरडे होत गेले म्हणून हे घडले, असे ढवळीकरांचे प्रतिपादन आहे. कारणाबद्दल मतभेद होऊ शकतात. पण पाऊस दगा देतो तेव्हा माणूस काळीकडून माळाकडे वळतो, ही गोष्ट शिरूरच्या मातीला तीन हजार वर्षे माहीत आहे.

२०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी एक वेगळाच अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे साडेसातशे वर्षांपर्यंत मागे जाणाऱ्या मराठी कथा-गीतांतले वनस्पतींचे उल्लेख त्यांनी तपासले. त्यातून पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागात तेव्हाही गवत आणि काटेरी झाडे यांचा मोकळा प्रदेश असल्याचे दिसते. इंग्रजी राजवटीतल्या जंगलतोडीच्या पुष्कळ आधीची ही साक्ष आहे. भीमेच्या काठच्या भीमथडी घोड्यांची ख्यातीही चराईच्या मुलखाशिवाय कशी झाली असती, याचा विचार करावा.

दुसरी बाजू

इतके आक्षेप घेतल्यावर दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. पाठ्यपुस्तक सगळ्या राज्यासाठी असते. त्यात प्रत्येक गावाची माती येणार नाही. नकाशा लहान प्रमाणाचा असला की तपशील गाळावा लागतो. नकाशा म्हणून तो चूक नाही. चूक होते ती त्याच्यावरच थांबण्यात.

माळावर पीक घेणाऱ्यालाही मी दोष देत नाही. निचऱ्याच्या हलक्या जमिनीत डाळिंब चांगले येते, हे या भागाने दाखवून दिले आहे. धरणातला गाळ आणून मुरमावर पसरणाऱ्या शेतकऱ्याचे कष्ट मी पाहिले आहेत. पोटापुरती जमीन नसलेल्या घराला 'माळ नांगरू नका' असे खुर्चीत बसून सांगणे सोपे आहे. पण तो शेतकरीसुद्धा मातीची खोली आणि निचरा पाहूनच निर्णय घेतो, रंग पाहून नव्हे. आणि उत्तम मानलेली काळी कालव्याच्या अति पाण्याने चोपण होते, हे नीरेच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी १९१० मध्ये त्यावर लिहिले. तेव्हा १६ आण्यांची जमीनही वापर चुकला की खराबा होऊ शकते. चांगली आणि वाईट अशी माती नसते. एखाद्या वापराला योग्य किंवा अयोग्य असते.

वर्गात काय करता येईल?

धडा बदलण्याची वाट न पाहता आपण काही गोष्टी करू शकतो. खर्च जवळजवळ नाही.

पहिली गोष्ट, नदी ते माळ अशी एक फेरी. पाच ठिकाणची ओंजळभर माती पिशव्यांत भरून आणावी. प्रत्येक ठिकाणी त्या जमिनीचे गावातले नाव जाणत्या माणसाला विचारून लिहावे.

दुसरी, बरणीतला गाळ. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर. खूप हलवून ठेवून द्यावी. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकणमातीला एखादा दिवस किंवा अधिकही लागतो. थरांची जाडी पट्टीने मोजून शेकडेवारी काढावी.

तिसरी, खोली. यासाठी खणायची गरज नाही. विहिरीची कड, रस्त्यासाठी कापलेली दरड किंवा ओढ्याचा काठ यांत माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो ते दिसते. विहिरीजवळ जाताना मोठे माणूस बरोबर असावे.

चौथी, पाणी मुरण्याचा वेग. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा जमिनीत चार बोटे रोवावा, त्यात मोजून एक लिटर पाणी ओतावे आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते पाहावे. हा प्रयोग गवत असलेल्या माळावर आणि शेजारच्या उघड्या, तुडवलेल्या वाटेवर असा दोन्हीकडे करावा. दोन्ही ठिकाणची माती एकच असते. जो फरक दिसेल तो कशामुळे, हे मुलांनाच विचारावे.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वर्गातल्या सगळ्यांनी मिळून एक तक्ता करावा. उभ्या रकान्यात गावातल्या जमिनींची नावे, आडव्या रकान्यात त्यांची कामे : पीक, वैरण, चराई, पाणी मुरवणे, पशुपक्ष्यांचा आसरा, विटा-भांड्यांसाठी माती. जिथे जे लागू असेल तिथे खूण करावी. माझ्या वर्गाने हा तक्ता केला, तेव्हा माळाच्या ओळीत सगळ्यांत जास्त खुणा पडल्या.

त्या खुणांपैकी निम्म्या त्या मेंढपाळाच्या मुलाने सांगितलेल्या होत्या. शेडा, पवना, मारवेल ही गवते कोणत्या उतारावर येतात, कुसळीला फूल आले की मेंढरांच्या लोकरीत कुसळे कशी शिरतात, दिवाळीनंतर कळप कोकणच्या वाटेला लागतो तेव्हा कोणत्या गावात शेतात बसवल्याबद्दल धान्य मिळते, हे सगळे त्याला येत होते. मला येत नव्हते. फळ्यावरचा 'पडीक' हा शब्द मी त्या दिवशी पुसला आणि त्या जागी 'माळ' असे लिहिले.